दाराची बेल वाजवू नका

संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत इस्रायलवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लेख वाईट नव्हता, मेहनतीने लिहिला होता, नकाशे होते, क्षेपणास्त्रांची नावं होती, कोणत्या पल्ल्याचं कुठून सुटतं ते सगळं होतं. पण शेवटी लेखकाने लिहिलंय की हे लोक किती शूर, सायरन वाजतात तरी कॅफे भरलेले, लग्नं होतायत, मुलं शाळेत जातायत, आपण यांच्याकडून खंबीरपणा शिकला पाहिजे. तेवढं वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला, चहा गार झाला तरी हात लावावासा वाटेना. म्हणून हे पत्र. छापा किंवा छापू नका, पण वाचा.

मी नौपाड्यात राहते, जन्म ठाण्यातलाच. टेंभी नाक्याजवळच्या वाड्यात आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, कुटुंब होतं. नव्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, टेंभी नाक्यावर सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर जे शार हशामाईम सिनेगॉग आहे ना, ते १८७९ सालचं आहे. आणि हे लोक काही बाहेरून आलेले पाहुणे नव्हेत हो, अलिबागजवळ नवगावला यांचं गलबत फुटलं आणि सात बायका नि सात पुरुष वाचले अशी त्यांची कथा आहे, पुढे कोकणात तेल गाळायचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात नाव पडलं शनवार तेली. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर. तर त्या घरातली मुलगी आणि मी पहिलीपासून एका बाकावर. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही तर ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची, आणि बिरड्याच्या रोजाला त्यांचं देऊळ पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास सोडताना वालाचं बिरडं असायचं त्याची वाटी आमच्याकडे यायची. तेव्हा मला वाटायचं देऊळ म्हणजे इथलंच कुठलंतरी, टेंभी नाक्यापलीकडचं. ते दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेममध्ये पाडलं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

१९८७ साली ती लग्न करून इस्रायलला गेली, अश्दोदला. जायच्या आधी घरात मलिदा झाला, पोहे नारळ साखर केळी, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेऊन सगळे रडले. तेव्हापासून पत्रं, मग फोन, मग व्हिडिओ कॉल. तिचं मराठी अजून तसंच १९८७ सालचं आहे, "अय्या" म्हणते, "फर्मास" म्हणते, आपल्याकडे आता कोण म्हणतं.

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार, पितृपक्ष चालू होता. मी सासूबाईंच्या श्राद्धाच्या खिरीला दूध आटवत होते. आपल्याकडचे नऊ म्हणजे तिकडचे साडेसहा, तेव्हा पहिले सायरन झाले. मेसेज आला, "आम्ही ठीक आहोत, टीव्ही लावू नकोस." अर्थात मी लावला. त्या एका दिवसात हमासच्या हल्ल्यात १२०० च्या आसपास माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेलं, हे आकडे तुमच्याच पेपरात नंतर आले. पण त्या दिवशी मला आकडे माहीत नव्हते, मला एवढंच माहीत होतं की तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, तो मला मावशीच म्हणतो, दुपारी त्साव श्मोने आला. म्हणजे आठ नंबरचा हुकूम, राखीव सैनिकाला ताबडतोब हजर हो म्हणून. त्याची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची. तो बॅग घेऊन निघाला आणि ही त्याला डबा द्यायचा विसरली, दोन वर्षं झाली तरी ही गोष्ट ती दर दोन-चार कॉलमागे एकदा सांगते. डबा राहिला गं.

आता तुमच्या लेखातल्या कॅफेबद्दल. कॅफे भरलेले असतात हे खरंच आहे, तिनेच सांगितलंय. पण तिच्या घरातलं मी तुम्हाला सांगते आणि मग तुम्ही ठरवा याला काय म्हणायचं.

अश्दोदला सायरन वाजल्यापासून आसरा गाठायला ४५ सेकंद मिळतात. गाझाच्या हद्दीला लागून जी गावं आहेत तिथे १५, तेल अवीवला ९०. गाव किती लांब त्यावर ते ठरलेलं आहे. १९९१ साली इराकने स्कड टाकली त्यानंतर तिकडे नियम झाला की नवीन प्रत्येक घरात एक जाड काँक्रीटची खोली पाहिजे, मामाद म्हणतात तिला. पण हिची बिल्डिंग त्याच्या आधीची, चार मजली, मामाद नाही, लिफ्ट नाही, खाली तळघरात सगळ्या बिल्डिंगचा मिळून एक मिकलात, म्हणजे आसऱ्याची जागा, आणि ही तिसऱ्या मजल्यावर. घरात सासूबाई, वय ८८, वॉकर घेऊन चालतात. आता ४५ सेकंदात वॉकर घेऊन तीन मजले कोण उतरणार? तर नियम असा की नाही जमलं तर आतल्या जिन्यात बसायचं, खिडकीपासून लांब, आणि दहा मिनिटं हलायचं नाही. म्हणून जिन्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवलीय, निळी, तिच्यावर सासूबाईंची शाल घडी घालून, आणि खुर्चीच्या पायाशी पाण्याची बाटली. सायरन झाला की त्यांना सांभाळणारी केरळची मुलगी, मेटापेलेत म्हणतात तिकडे, ती एका बाजूने आणि ही दुसऱ्या बाजूने. सासूबाई दर वेळी मराठीत म्हणतात, "मला राहू द्या गं, तुम्ही जा." दर वेळी. आणि दर वेळी या दोघी काही न बोलता त्यांना खुर्चीवर बसवतात. एकदा कॉल चालू असताना सायरन झाला, फोन हातातच राहिला, मला फक्त जिन्याची भिंत दिसत होती नि चपलांचा आवाज, आणि मग बूम. मी इथे नौपाड्यात सोफ्यावर आणि माझे हात कापतायत.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये, २०२५ च्या, इराणशी बारा दिवस चाललं, १३ ते २४ जून. ती क्षेपणास्त्रं मोठी, जिन्याने भागेना. बीरशेबाला सोरोका हॉस्पिटलवर पडलं, बात यामला बिल्डिंगच्या बिल्डिंग गेल्या. तेव्हा रोज रात्री तळघरात झोपायला. सासूबाईंना त्याच निळ्या खुर्चीसकट खाली न्यायचे, एका बाजूला वरचा रशियन, दुसऱ्या बाजूला समोरचा मोरोक्कोवाला, दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नाही आणि सासूबाईंना दोघांचीही नाही. त्या खुर्चीत बसून त्या हात जोडायच्या. ती म्हणाली, अगं आपल्याकडे पालखी नेतात तसं दिसायचं. हे सांगताना ती हसली आणि मग एकदम गप्प झाली, मीही काही बोलले नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते सायरनचं नाही, दाराच्या बेलचं. तिकडे सैनिक मारला गेला की लष्कराची माणसं घरी येतात, फोन नाही करत, दारावर येतात. आणि रेडिओवर सकाळी नावं सांगायच्या आधी एक ठरलेलं वाक्य येतं, हुतार लेफिर्सुम, म्हणजे प्रसिद्ध करायला परवानगी मिळाली. तेवढे दोन शब्द कानावर पडले की अख्खा देश जिथे असेल तिथे थांबतो. मुलगा गाझात लढत होता तेव्हा हिने घराच्या दारावर कागद चिकटवला, हिब्रूत आणि खाली रशियनमध्ये शेजाऱ्याकडून लिहून घेतलं, बेल वाजवू नका, फोन करा. भाजीवाला, कुरिअर, पाणीवाला, सगळ्यांसाठी. कारण बेल वाजली की तिचे पाय जागच्या जागी जायचे. आणि ती एकटी नाही, त्यांच्या जिन्यात तीन दारांवर असे कागद होते. त्या दारांसमोरून खाली उतरून ती सकाळी बालवाडीत कामाला जायची, तिकडे गान म्हणतात, आणि तीन-तीन वर्षांच्या पोरांना सायरन झाला की ओळीने कसं धावायचं ते गाणं म्हणून शिकवायची. संध्याकाळी भाजी आणायची, शुक्रवारी खाला, म्हणजे शब्बाथचा पाव, भाजायची. शनिवारी संध्याकाळी कधी कधी तेल अवीवला जायची, म्युझियमसमोरच्या ज्या चौकाला ओलिसांचा चौक नाव पडलंय तिथे, पिवळी फीत लावून उभी राहायची. तिथे त्यांनी एक लांबच लांब जेवणाचं टेबल मांडलं होतं, प्रत्येक ओलिसाची एक खुर्ची, ताट वाढायला तयार आणि माणूस नाही. आपल्याकडे पितरांना पान वाढतात आणि कावळ्याची वाट बघतात, मला टीव्हीवर ते टेबल बघून तेच आठवलं, फक्त हे जिवंत माणसांसाठी होतं.

भावोजी, म्हणजे तिचे यजमान, रिटायर्ड आहेत. थाई कामगार मायदेशी गेले, शेतावर माणूस उरला नाही, तेव्हा हजारो लोक शहरांतून भाजी तोडायला जायला लागले, तसे हेही दर शुक्रवारी जायचे, टोमॅटो तोडायला. मूळचे पेणकडचे, भातशेती बघितलेला माणूस. बोलत नाहीत फार. तिने सांगितलं की मुलगा गाझात होता तेव्हा हे रात्री झोपायचे नाहीत, फक्त शुक्रवारी शेतातून आले की झोप लागायची.

आता सांगा, याला शूर म्हणायचं का? मी तिला तुमच्या लेखातलं ते वाक्य वाचून दाखवलं, फोनवर. ती म्हणाली, "अगं शूर कुठली, दूध संपलेलं असतं म्हणून खाली जावं लागतं." आणि मग म्हणाली की शूर शूर म्हणतात ना, की मग कोणी विचारत नाही तू झोपलीस का.

संपादक, हे वाक्य मला नवीन नव्हतं. ११ जुलै २००६, संध्याकाळ, पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट. दुसऱ्या दिवशी लोकल भरलेल्या आणि सगळ्या पेपरांत मुंबईचं स्पिरिट. २६ नोव्हेंबर २००८ ला माझे दीर सीएसटीवर होते, ठाण्याची गाडी पकडायला आलेले. एका खांबामागे त्यांनी किती वेळ काढला ते त्यांनाही सांगता येत नाही. सोमवारी कामावर गेले. सगळे म्हणाले, बघा, दोन-चार दिवसांत उभा राहिला. पण दीर पुढे वर्षभर प्लॅटफॉर्मवर मध्ये उभे राहिले नाहीत, कायम भिंतीला पाठ लावून, आणि दोन-दोन गाड्या सोडून द्यायचे. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, त्यांच्या बरोबर जाणाऱ्या एकाने नंतर सांगितलं. आम्हीही कधी विचारलं नाही, आम्हाला वाटलं ते खंबीर आहेत. ही चूक माझ्या घरात झालीय म्हणून मी एवढं लिहितेय. त्याच रात्री कुलाब्यात नरिमन हाऊसवर हल्ला झाला होता, यहुदी कुटुंब आणि त्यांचे पाहुणे मारले गेले, आणि त्या आठवड्यात तिचा अश्दोदहून मला रोज फोन येत होता. तेव्हा विचारपूस ती करत होती.

अजून एक सांगायचंय आणि हे सांगताना मला राग येतोय. जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेल अवीवच्या आकाशातले व्हिडिओ फिरत होते, वरून येणारं आणि खालून अडवणारं, आणि खाली लिहिलेलं, दिवाळी आली. हसणारे चेहरे. एकाने तर इराणवाल्यांच्या बाजूने आणि दुसऱ्याने इस्रायलच्या बाजूने मॅच चालल्यासारखा स्कोअर टाकला. मी लिहिलं की त्या आकाशाखाली माझी मैत्रीण आहे, तर पाच मिनिटं ग्रुप शांत आणि मग कोणीतरी पाण्याच्या टँकरचा मेसेज टाकला.

कोणी म्हणेल तुम्हाला गाझातलं दिसत नाही का. दिसतं हो. तिथे सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली असं तिथलं आरोग्य खातं सांगतं, त्यात पोरं किती. हे मी तिच्याशीही बोलले, जरा घाबरतच, कारण तिचा मुलगा तिथे लढत होता. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "त्यांच्या बायकांना तर जिनासुद्धा नाही." खरंच आहे, गाझात लोकांसाठी मिकलात नाहीत. त्यावर ती पुढे काही बोलली नाही आणि मी ओढून काढलं नाही. दुःखाची वाटणी मला करता येत नाही. माझी ओळख अश्दोदच्या एका जिन्याशी आहे म्हणून मी त्या जिन्याबद्दल लिहिते, ज्याची ओळख खान युनिसशी असेल त्याने तिथलं लिहावं आणि तुम्ही तेही छापावं, अर्धं पान द्या त्याला.

तिच्या मुलाचा तुकडीतला एक मित्र गेला. ही त्याच्या आईला भेटायला गेली, शिवाला, म्हणजे त्यांच्या सुतकाला. सात दिवस घरातले जमिनीलगत खुर्च्यांवर बसतात, आरसे झाकलेले, घरात स्वयंपाक नाही, पहिलं जेवण शेजारीच आणतात, उकडलेली अंडी, मसूर, असं गोल गोल काहीतरी. आपल्याकडेही चूल पेटत नाही आणि शेजारचे पिठलं-भात आणतात तसंच. पण त्यांचा एक नियम आहे तो मला फार आवडला. भेटायला गेलेल्याने आधी बोलायचं नाही. ज्याचं माणूस गेलंय तो बोलेपर्यंत गप्प बसून राहायचं. तो नाहीच बोलला तर तसंच उठून यायचं. ही पाऊण तास बसली. त्या आईने शेवटी विचारलं, तुमच्याकडे चहात काय घालतात, माझा मुलगा म्हणायचा की तुमच्या घरचा चहा वेगळा असतो. मग हिने वेलची-आल्याचा चहा करून दाखवला, त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि दोघी प्यायल्या.

१३ ऑक्टोबर २०२५ ला उरलेले वीस जिवंत ओलीस सुटले. त्यानंतर चारच दिवसांनी ती ठाण्याला आली, दुबईमार्गे, सात वर्षांनी. दिवाळी माझ्याकडे. सिनेगॉगमध्ये जाऊन आली, गेटवरच्या पोलिसाशी मराठीत गप्पा मारून आली, त्याला वाटलं ही डोंबिवलीची. मामलेदारची मिसळ खाल्ली, तिखट लागली म्हणाली आणि रस्सा परत मागितला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पणत्या लावत होते, ती बरोबर आलेल्या नातवाला कंदील दाखवत होती, आणि गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मी मागे वळून बघितलं तर दोघंही खिडकीत नाहीत. आतल्या पॅसेजमध्ये, बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला पाठ लावून ती खाली बसली होती, नातवाला पोटाशी धरून त्याच्या डोक्यावर दोन्ही हात. साडीवर तेल सांडलेलं. तो हसत होता, त्याला खेळ वाटला. तिचे ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती, हिब्रूत. मी तिच्या शेजारी बसले. माझ्या तोंडावर आलं होतं, अगं फटाका आहे. पण मला ती शिवाची गोष्ट आठवली आणि मी गप्प बसले. दहा मिनिटं झाली असतील, बाहेर माळा चालूच होत्या, मग तिने विचारलं, "चकल्या मऊ पडल्या का गं?"

नोव्हेंबरात परत गेली. भाचा सुखरूप घरी आला म्हणून एलियाहू हनाबीला बोललेला नवस फेडायचा होता, त्यासाठी मी इथून दोन किलो जाड पोहे दिले, तिकडे मिळतात पण तिला ठाण्याचेच पाहिजे होते. कडवे वाल पण दिले. मलिद्याचा फोटो आला, निळ्या खुर्चीत सासूबाई मध्ये, भाच्याच्या मुलीला मांडीवर घेऊन.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. नकाशे छापा, क्षेपणास्त्रं छापा, ते कळायला पाहिजे. पण पुढच्या वेळी तिकडच्या माणसांवर लिहायचं असेल तर त्यांना लिहायला सांगा. तिकडे मराठी बोलणारी हजारो माणसं आहेत, अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, मायबोली नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा ते काढतात. माझी मैत्रीण लिहायला तयार आहे, मी विचारलंय, अक्षर चांगलं आहे आणि टायपिंग मोठी नात शिकवणार आहे म्हणे. तिचा फोन नंबर वेगळ्या कागदावर सोबत जोडलाय, तो छापू नका. फोन संध्याकाळी पाचनंतर करा, त्याआधी ती बालवाडीत असते, आणि पहिल्या रिंगला उचलला नाही तर परत करा, ती फोन उचलायला घाबरत नाही, तिचा फक्त बेलचा प्रश्न आहे. दारावरचा कागद तिने अजून काढलेला नाही.

आपली,
एक जुनी वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)